भिकारी कोणास म्हणावे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या घरी शहरातून फोन आला. माझे चुलते, ज्यांना आम्ही सारी भावंडे अण्णा म्हणतो, त्यांना पोलिसांनी धरून नेले होते. चोरी नाही, मारामारी नाही, दारू नाही. त्यांना भिकारी म्हणून धरले होते.

तुळशीचे लग्न लागले की अण्णा गाव सोडतात आणि पावसाची चाहूल लागली की परत येतात. मधले सहा-सात महिने ते शहरातील एका मांडववाल्याकडे मजुरी करतात. खड्डे खणायचे, वासे उभे करायचे, दोर आवळायचे, कनाती ओढायच्या. लग्न दिवसा लागते म्हणून मांडव रात्री उभारावा लागतो आणि वऱ्हाड पांगले की त्याच रात्री उतरवावाही लागतो. त्यामुळे अण्णा रात्री जागतात व दिवसा झोपतात. शहरात त्यांना खोली नाही. एका बागेच्या भिंतीलगत पदपथावर गोणपाट अंथरून ते पडतात. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते असेच झोपले असताना गाडी आली, आणि त्या भिंतीलगत जेवढे होते तेवढे सगळे गाडीत भरले गेले.

अर्ज लिहिण्यास कोणीतरी हवे म्हणून दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला बरोबर घेतले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. चौथ्या दिवशी अण्णा सुटले. सुटताना एका कागदावर त्यांचा अंगठा घ्यायचा होता. कागद मी वाचला. यापुढे भीक मागणार नाही व चांगल्या वर्तनाने राहीन, अशा अर्थाचा तो बंधपत्राचा कागद होता. अण्णांनी विचारले, "काय लिवलंय गं?" मी म्हणाले, "काही नाही अण्णा, सुटकेचा कागद आहे." त्यांनी अंगठा उमटवला.

घरी आल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मग मला खरे सांगावे लागले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "तू कालिजात शिकतीस. मग सांग, मी कुणाकडं मागितलं?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे वर्षभर ग्रंथालयात बसून सवड मिळेल तसे मी या विषयावरील कायदा, न्यायालयांचे निर्णय आणि शासनाची धोरणे वाचली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाचा आढावा होय. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. तेव्हा काही उणे राहिले असल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

भिक्षा आणि भीक

आपल्या भाषेत मागण्याला एकच शब्द नाही. ब्रह्मचाऱ्याने मागितली ती भिक्षा. गरीब विद्यार्थ्याने घरोघरून गोळा केली ती माधुकरी. त्याने आठवड्यातील एकेक दिवस एकेका घरी जेवावयाचे ठरवले तर ते वार लावून जेवणे. देवीच्या नावाने परडी पुढे केली तो जोगवा. खळ्यावर सुगीच्या वेळी बलुतेदार-अलुतेदार जे नेत, त्याला तर कोणी मागणे म्हणतच नसे, तो हक्क होता. पहाटे मोरपिसांची टोपी घालून, टाळ-चिपळ्या वाजवीत येणाऱ्या वासुदेवाला माझी आजी सूपभर दाणे घाली व वर त्याच्या पाया पडे. संबळ वाजवणारा गोंधळी, आसूड ओढणारा पोतराज, पिंगळा, कुडमुड्या जोशी, नंदीबैलवाला, बहुरूपी हे सारे आमच्या गावात येत. गाव त्यांना ओळखत असे. कोणाची पाळी कोणत्या महिन्यात येणार हेही ठाऊक असे.

या सर्व प्रथा चांगल्याच होत्या असे माझे म्हणणे नाही. त्यांच्यामागे जातीची उतरंड होती. ज्याच्या पिढ्यान् पिढ्या अशा मागण्यात गेल्या, त्याच्या मुलांची शाळा बुडाली, हे आपण विसरता कामा नये. मला सांगावयाचे आहे ते इतकेच की, मागणाऱ्याला समाजात काही एक जागा होती. आधुनिक कायद्याने या साऱ्या शब्दांच्या ठिकाणी एकच शब्द ठेवला, भीक. आणि तिला गुन्ह्याच्या पंक्तीला नेऊन बसवले.

कायद्याचा उगम

भटक्याला धरून कामाला लावावे किंवा कोंडावे, ही कल्पना इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. तेथे १८२४ साली भटकेगिरीविरुद्ध जो कायदा झाला, तो नेपोलियनशी झालेल्या युद्धांनंतरच्या काळातला. सैन्यातून मोकळे झालेले शिपाई आणि बेकार मजूर रस्त्यांवर आले होते. त्यांना काम देण्यापेक्षा नजरेआड करणे सोपे वाटले. इंग्रजी अंमलात हीच दृष्टी आपल्याकडे आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. हा कलंक कायद्याने पुसला जाण्यास १९५२ साल उजाडावे लागले. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला असताना तेथे भटकेगिरीविरुद्ध कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४५ साली भिकाऱ्यांविषयीचा कायदा झाला.

स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द होऊन त्याच्या जागी मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ आला. पुढे राज्यातील इतर कायद्यांप्रमाणे याच्याही नावात मुंबईच्या ठिकाणी महाराष्ट्र हा शब्द आला. हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला, आणि इतर अनेक राज्यांनी आपापले कायदे करताना याचाच नमुना पुढे ठेवला. म्हणजे या विषयातील देशाचा आदर्श आपल्या महाराष्ट्राने घालून दिला आहे. ही गोष्ट आपल्याला भूषणावह आहे किंवा नाही, ते पुढील विवेचनावरून वाचकांनीच ठरवावे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्यातील विषयांची वाटणी आहे, हे आपण वर्गात शिकतो. त्यातील समवर्ती सूचीमधील पंधरावी नोंद मी मुद्दाम उघडून पाहिली. भटकेगिरी आणि भटक्या व स्थलांतर करणाऱ्या जमाती, हे दोन्ही विषय तेथे एकाच ओळीत शेजारी शेजारी बसले आहेत. जुन्या विचाराची सावली किती लांबवर पडते, हे त्या एका ओळीवरून मला कळले.

भीक मागणे म्हणजे काय?

आता कायद्यातील व्याख्येकडे वळू. १९५९ च्या कायद्याने भीक मागण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. पहिला, सार्वजनिक जागी दान मागणे किंवा घेणे. मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा एखादी वस्तू विकण्यास पुढे करणे, अशा कोणत्याही निमित्ताने असो. दुसरा, दान मागण्यासाठी खाजगी आवारात शिरणे. तिसरा, दान मिळावे म्हणून जखम, व्यंग किंवा रोग दाखवणे, मग तो माणसाचा असो वा जनावराचा. पाचवा, इतरांना दान मिळावे म्हणून स्वतःचे प्रदर्शन मांडू देणे.

चौथा प्रकार मी शेवटी ठेवला, कारण अण्णांना ज्या जाळ्यात पकडले ते हेच असावे. उपजीविकेचे काही दिसणारे साधन नसताना सार्वजनिक जागी अशा स्थितीत वा अशा रीतीने फिरणे किंवा थांबणे, की ज्यावरून हा मनुष्य भिकेवर जगत असावा असे संभवते, हेही कायद्याच्या लेखी भीक मागणेच आहे.

वाचकहो, हे कलम पुन्हा एकदा सावकाश वाचावे. यात हात पसरावा लागत नाही. तोंडातून शब्द काढावा लागत नाही. कोणी पैसा द्यावा लागत नाही. चोर ठरवण्यास चोरी व्हावी लागते. पण भिकारी ठरवण्यास भीक मागावीच लागते असे नाही. तसे दिसले म्हणजे पुरे.

"दिसणारे साधन" या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला. अण्णांना साधन होते. रोज रात्री ते घाम गाळीत होते. परंतु ते साधन दिसत नव्हते, कारण ज्या मांडववाल्याकडे ते नऊ हंगाम काम करीत आले, त्याच्या कोणत्याही वहीत त्यांचे नाव नव्हते. दादा त्याच्याकडे गेले तेव्हा तो म्हणाला, "माणूस माझा आहे, पण लिहून देणार नाही. उद्या माझ्यामागे चौकशी लागेल." हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही. मालकाने कागद लपवला, आणि साधन नसल्याचा ठपका मजुरावर आला. त्या भिंतीलगत अण्णांबरोबर झोपणाऱ्यांशी आम्ही बोललो. त्यांत रात्री बाजार समितीत गाड्या खाली करणारे होते, लग्नात दिव्याच्या छत्र्या डोक्यावर धरणारे होते, उपाहारगृहात भांडी घासणारे होते, भंगार वेचणारी एक म्हातारी होती. शहर झोपलेले असताना हे लोक जागे असतात. शहर जागे झाले की त्यांना झोपलेले पाहून त्याला राग येतो.

व्याख्येतील पहिल्या प्रकाराचे दुष्परिणाम आणखी वेगळे आहेत. गाणे, नाच, भविष्य, खेळ हे शब्द वाचताच वासुदेव, गोंधळी, जोशी, डोंबारी यांची आठवण होते. कायद्याने त्यांची नावे घेतली नाहीत, परंतु त्यांचा सारा व्यवसाय त्या एका ओळीत आला. कायद्याने ज्याला संशयास्पद म्हटले, त्याच्याकडे समाजही हळूहळू संशयाने पाहू लागतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. ते भिक्षा मागण्यासाठी त्या मुलखात आले होते. राईनपाड्याला जे घडले ते कायद्यामुळे घडले, असे मी म्हणणार नाही. ते अफवेने आणि झुंडीने केले. पण अनोळखी गरीब माणूस म्हणजे बहुधा गुन्हेगार, ही समजूत एका दिवसात तयार होत नाही.

पकड, चौकशी आणि शिक्षा

या कायद्याखाली पोलिसांना वॉरंटावाचून अटक करता येते. त्यानंतर न्यायालयापुढे संक्षिप्त चौकशी होते. मनुष्य भिकारी असल्याचे ठरल्यास पहिल्या वेळी त्याला किमान एक वर्ष व कमाल तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. तो वारंवार सापडत राहिला तर मुदत दहा वर्षांपर्यंत जाते, आणि त्यातील दोन वर्षांपर्यंतचा काळ तुरुंगवासात बदलण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. भिकाऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असणाऱ्यांनाही अडकवून ठेवण्याची तरतूद आहे.

सुटण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक, हा मनुष्य भिकारी नाही असे न्यायालयाला पटणे. दुसरी, तो भिकारी आहे पण पुन्हा भीक मागण्याचा संभव नाही असे वाटल्यास ताकीद देऊन, बंधपत्र घेऊन सोडून देणे. या दोन वाटांतील अंतर आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हते. मालक लिहून देईना, पहिल्या वाटेला किती दिवस लागतील ते कोणी सांगेना. दुसरी वाट लवकरची आहे असे कळले, म्हणून आम्ही ती धरली. ज्या मनुष्याने आयुष्यात दुसऱ्याच्या ओसरीवर चहासुद्धा दोनदा आग्रह झाल्यावाचून घेतला नाही, तो त्या कागदाने कायमचा भिकारी ठरला. आणि तो कागद त्याला समजावून न सांगणारी मी होते.

भिक्षेकरी गृहाचा मूळ हेतू काम शिकवणे व माणसाला पायावर उभे करणे हा आहे, हे मान्य केले पाहिजे. तेथे केलेल्या कामाचा मोबदला कित्येक वर्षे अगदीच नाममात्र होता. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो दिवसाला ४० रुपये करण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल योग्य दिशेचेच आहे. परंतु ज्याला बाहेर मजुरी मिळत होती त्याला आत कोंडून ४० रुपये देणे, याला पुनर्वसन म्हणता येईल काय?

न्यायालयांनी काय म्हटले?

पदपथावर राहणाऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे प्रथम गाजला तो मुंबईच्याच निमित्ताने. १३ जुलै १९८१ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की, पदपथावरील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवून देण्यात येईल. ऐन पावसाळ्याचे दिवस होते. पत्रकार ऑल्गा टेलिस, तसेच काही पदपथवासी, न्यायालयात गेले.

या खटल्याच्या निकालपत्रात एका याचिकादाराची हकीकत आहे. ती वाचताना मला अण्णाच समोर दिसू लागले. हा गृहस्थ अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेरचा. गावी चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवी. गावातले घर पडले, म्हणून तो मुंबईस आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीत पदपथावर जागा मिळावी म्हणून त्याने तेथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, आणि बांबू व प्लॅस्टिकच्या कागदाला ७०० रुपये खर्चले. म्हणजे आकाशाखाली राहण्यासाठीही त्याला जवळजवळ तीन महिन्यांचा पगार मोजावा लागला. दुसरा याचिकादार तामिळनाडूतील सेलमचा. त्याला बायको-मुलींसह गाडीत बसवून सेलमला पाठवण्यात आले. बायको-मुली तेथे राहिल्या; तो मात्र कामाच्या शोधात परत मुंबईस आला व पुन्हा पदपथावर राहू लागला. गावी काम असते तर तो मुळात आलाच नसता, ही साधी गोष्ट त्याने परत येऊन सिद्ध केली.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला. राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले. माणसाचे पोट भरण्याचे साधन काढून घेणे म्हणजे त्याचे जगणेच काढून घेणे होय. हा निर्णय आपल्या अभ्यासक्रमातही आहे. परंतु वर्गात आपण बहुधा येथेच थांबतो. याच निर्णयात पुढे असेही ठरले की, पदपथ चालण्यासाठी आहे व महापालिकेला तेथील झोपड्या हटवण्याचा अधिकार आहे. मात्र सामान्यतः नोटीस देऊन, म्हणणे ऐकून घेऊन तो वापरावा, आणि या प्रकरणात ३१ ऑक्टोबर १९८५ पूर्वी, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, हटवू नये. तत्त्व जिंकले, याचिकादारांच्या पदरी मात्र पावसाळ्याची मुदत पडली.

भिक्षेच्या कायद्यासंबंधी अधिक स्पष्ट निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिला. हर्ष मंदर यांच्या याचिकेवर प्रभारी मुख्य न्यायाधीश गीता मित्तल व न्यायमूर्ती सी. हरी शंकर यांनी आपला हा १९५९ चा कायदा, तो दिल्लीला जितका लागू होता त्यापुरता, तपासला आणि भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली. समानतेचा व जगण्याचा हक्क त्यांनी भंग होतात, असे न्यायालयाने म्हटले. शासनाला सर्वांच्या अन्न-निवाऱ्याची सोय करता आलेली नाही, म्हणून लोक मागतात. अशा वेळी मागणाऱ्यालाच शिक्षा करणे न्याय्य नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दुसऱ्याकडून भीक मागवून घेणाऱ्यास शिक्षा सांगणारे अकरावे कलम न्यायालयाने तसेच ठेवले. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानेही तेथील अशाच कायद्याबाबत हीच भूमिका घेतली.

जुलै २०२१ मध्ये, कोरोनाच्या साथीत, भिकाऱ्यांना चौकांतून हटवावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने तसे करण्यास नकार दिला. हा दारिद्र्याचा प्रश्न आहे, त्याकडे उच्चभ्रू दृष्टीने पाहता येणार नाही, असे सांगितले. त्या पीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. १९८५ चा निर्णय देणाऱ्या सरन्यायाधीशांचे ते चिरंजीव. पित्याच्या निर्णयातील तत्त्व पुत्राच्या पीठाने छत्तीस वर्षांनी पुढे नेले, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र दिल्लीत रद्द झालेला कायदा ज्या महाराष्ट्रात जन्मला तेथे उभाच आहे. एकच कलम, एकच शब्दरचना. दिल्लीच्या पदपथावर झोपलेला मजूर त्याखाली गुन्हेगार होत नाही, आमच्या शहरातला होतो.

दुसरी बाजू

या विषयाची दुसरी बाजू मांडली नाही तर लेख एकांगी होईल. सिग्नलपाशी कडेवर तान्हे मूल घेऊन उभी असलेली बाई पाहिली की ते मूल तिचेच कशावरून, अशी शंका आपल्याला येते. लहान मुलांना भिकेला लावणाऱ्या टोळ्या नाहीत असे कोणी म्हणणार नाही. मंदिरापुढे, स्थानकावर नागरिकांना त्रास होतो, हेही खरे. म्हणूनच मार्च २०२३ मध्ये नागपुरात सार्वजनिक जागी भीक मागण्यावर पोलीस आयुक्तांनी बंदीचा आदेश काढला. इंदूर शहराने तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचे ठरवले.

परंतु टोळ्यांसाठी वेगळे आणि कडक कायदे आपल्यापाशी आहेतच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत, भीक मागण्यास लावण्यासाठी मूल पळवणाऱ्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी आहे. त्यासाठी मुलाला अपंग करणाऱ्यास किमान वीस वर्षे. बाल न्याय कायद्यातही मुलाकडून भीक मागवणे हा गुन्हा आहे. मूळ कायद्यातील अकरावे कलम आहेच. थोडक्यात, मागवणाऱ्याला पकडण्यासाठी मागणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची गरज नाही. आणि न मागणाऱ्याला तर मुळीच नाही.

निवाऱ्याचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या नळांत, पुलांखाली, जिन्याखाली, देवळांत, मांडवांत, फलाटांवर जे सापडले ते बेघर. देशात अशी सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे मोजली गेली. त्यांपैकी सुमारे २ लाख ११ हजार आपल्या महाराष्ट्रात. त्याच जनगणनेत भिकारी व भटके म्हणून नोंदले गेलेले लोक देशभरात ४ लाख १३ हजारांवर होते. आता साधा हिशेब करावा. हे सारे भिकारी बेघर आहेत असे क्षणभर धरले, तरी तेरा लाखांहून अधिक बेघर असे उरतात की जे शासनाच्याच मोजणीप्रमाणे भिकारी नाहीत. उघड्यावर झोपतो तो भिकारी असावा, हा कायद्याचा तर्क शासनाच्याच आकड्यांपुढे टिकत नाही.

निवाऱ्याचे धोरण आपल्याकडे नाही असे नव्हे. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहरांतील रात्रनिवाऱ्यांबाबत राज्यांना आदेश दिले. २०१३ साली आलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात, शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची कायम सोय असावी, असे प्रमाण घालून देण्यात आले. २०१६ साली केंद्र शासनाने निराधारांसाठी एका आदर्श कायद्याचा मसुदाही केला. त्यात शिक्षेऐवजी संरक्षण व पुनर्वसन यांवर भर होता. पण त्याचा कायदा झाला नाही. २०२२ साली स्माईल या नावाची योजना आली व तिच्यात भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाचा समावेश करण्यात आला. म्हणजे शासनाच्या एका हातात पुनर्वसनाची योजना आहे आणि दुसऱ्या हातात अटकेचा कायदा. गरीब माणसाला पहिला हात क्वचितच दिसतो, कारण दुसरा आधी मानगुटीवर पडतो.

मी अण्णांना विचारले, "तुम्ही निवाऱ्यात का जात नाही?" ते म्हणाले, "तो हाय लांब. मांडवाची गाडी रातच्याला भिंतीपाशी येती. मी तिकडं गेलो तर गाडी माझ्यासाठी थांबती व्हय?" मजूर पदपथावर झोपतो तो कामाच्या जवळ राहावे म्हणून. निवारा बांधताना जागा कोठे मोकळी आहे ते पाहिले जाते. काम कोठे आहे ते पाहिले जात नाही.

समारोप

माझ्या अल्प अभ्यासावरून मला काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, महाराष्ट्र शासनाने न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता या कायद्यातील "तसे दिसण्या"चे कलम व मागणाऱ्यास अटक करण्याची तरतूद स्वतःहून काढून टाकावी. मागवणाऱ्यास शिक्षा ठेवावी. दुसरी, आपल्याच राज्याने १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा करून मंडळांमार्फत त्यांची नोंदणी सुरू केली. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला त्यामुळे नाव आणि कागद मिळाला. मांडववाले, वाजंत्रीवाले, वाढपी यांच्याकडील हंगामी मजुरांसाठी अशी नोंदणी का होऊ नये? तिसरी, निवारे मजूर अड्ड्यांच्या व बाजारांच्या जवळ असावेत, आणि रात्री काम करणाऱ्यांसाठी ते दिवसाही उघडे असावेत. चौथी, जे वृद्ध, आजारी, मनोरुग्ण खरोखरच मागून जगतात, त्यांना सेवा मिळावी. पण सेवेच्या दाराला बाहेरून कुलूप असू नये.

आता अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर. ज्येष्ठात ते घरी आले तेव्हा मी त्यांना ते कलम माझ्या शब्दांत वाचून दाखवले. "अण्णा, तुम्ही कोणाकडेही मागितले नाही. कायद्याला मागण्याचा पुरावा लागतच नाही. तुम्ही तसे दिसलात, एवढेच." त्यांनी स्वतःच्या धोतराकडे पाहिले, हातांच्या घट्ट्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "मांडवाच्या कामाला आनि कसं दिसावं मानसानं?" माझ्यापाशी याला उत्तर नव्हते, आणि मला वाटते कायद्यापाशीही नाही.

यंदा तुळशीचे लग्न लागल्यावर अण्णा पुन्हा शहराला गेले. जाण्यापूर्वी मी एका कागदावर त्यांचे नाव, गाव, काम आणि ते किती वर्षे हे काम करतात ते लिहून दिले. मांडववाला सही करणार नाही हे माहीत होते, म्हणून सरपंचांची सही-शिक्का घेतला. या वेळी मी त्यातला शब्द न् शब्द त्यांना वाचून दाखवला. कागद त्यांनी आधारकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवला. भिंतीलगत झोपताना तो खिसा वरच्या अंगाला येईल असे झोपावे, असे दादांनी त्यांना बजावले आहे. उपजीविकेचे दिसणारे साधन म्हणून त्यांच्यापाशी सध्या तेवढेच आहे.